भारोभार गूळ

"मग माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवलं तर चालेल का?" हेमलतानं विचारलं.

मठ सांभाळणाऱ्या म्हाळसाक्का पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"माझ्या भाचीला. चौथीत आहे. बावीस किलोची आहे."

आक्कांच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं.

"कोंडिबा, ही मास्तरीण हाय न्हवं?"

"होय आक्का. हायस्कुलात. गणित शिकवते."

"गणित..." आक्का म्हणाल्या, आणि परत शेंगा सोलायला लागल्या.

आमच्या मठात नवसाची तुला होते ती गुळाची. तागडीच्या एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. तागडी सागवानी आहे, आमच्या आज्याच्या वेळची. ती काढायची, टांगायची, पुसायची, सगळं माझ्याकडं. तीस वर्षं हेच करतोय. पोरं बसली, नवरदेव बसले, एकदा एक पुढारी बसले तेव्हा दोरखंड बदलायला लागला.

नियम दोनच. पहिली भेली नवस बोलणाऱ्याच्याच हातानं पारड्यात पडली पाहिजे, दुसऱ्यानं नुसतं बोट लावलं तरी चालत नाही. आणि भेल्या मोजायच्या त्या सगळ्या अंगणानं, मोठ्यानं. नाहीतर देवाला ऐकू जात नाही म्हणतात.

ही समोर बसलेली हेमलता सातव्या महिन्यात जन्मली होती. दीड किलोची. तिची आई कौसाबाई तिला पदराखाली घेऊन इथं आली आणि नवस बोलली, पोर जगली तर तिच्या भारोभार गूळ वाहीन.

पोर जगली. पाचव्या वर्षी तुला व्हायची, ती गोवर आला म्हणून राहिली. मग बाप गेला म्हणून राहिली. आणि त्यानंतर पोरगी अशी काही अंगानं भरली, की तीच नको म्हणायला लागली.

आता ती अडतीस वर्षांची. कौसाबाई सत्तरीच्या पुढं, पोटाच्या दुखण्यानं खंगलेली, हाताला कंप. डॉक्टर हातचं राखून बोलतो, पण गावाला समजायचं ते समजतं. एक भेली उचलायची ताकद त्या हातात आणखी किती दिवस राहणार?

गेली सहा वर्षं म्हातारी दर दिवाळीला शंभर किलो गूळ मठाच्या कोठीत आणून ठेवायची. दर वर्षी पोरगी तुलेला बसायची नाही. उन्हाळा आला की तो गूळ पंगतीच्या खिरीला लागायचा. मी स्वतः ती खीर खाल्लीय, आणि खाताना ह्या मास्तरणीला मनातल्या मनात शिव्याही दिल्यात. खोटं कशाला बोलू?

"आक्का, तुम्हाला माझी अडचणच समजत नाहीये," हेमलता म्हणाली.

"समजाव की. तू मास्तरीण."

"मी अकरा महिने वजन कमी करतेय. शहाण्णव होतं. पहाटे चारला उठते, पाच किलोमीटर चालते, मग शाळा. साखर बंद. भात बंद. होळीला सगळ्यांना पुरणपोळ्या करून वाढल्या आणि मी काकडी खाल्ली."

"किती उतरलं?"

"आठ किलो सहाशे ग्रॅम. आज सकाळी सत्त्याऐंशी चारशे."

"मग ब्येस झालं की!"

"काय बेस झालं?" हेमलताचा आवाज चढला. "सहा आठवडे झाले, काटा हलत नाही! सत्त्याऐंशी चारशे, सत्त्याऐंशी सहाशे, परत चारशे. तेच चालणं, तीच अर्धी भाकरी. शेजारीण रोज वडे खाते आणि काडीसारखी आहे. मी काय पाप केलंय?"

आक्कांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"मी बसणारच नाही असं म्हणत नाही," हेमलता म्हणाली. "बसेन. साठ किलो झाले की त्याच दिवशी येऊन बसेन. शब्द देते."

"साठ कवा हुतील?"

"ह्याच वेगानं गेलं तर..."

हेमलतानं बोटांवर काहीतरी जुळवलं. गणिताची बाई, उत्तर चुकणार कसं?

"तीन वर्षं," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला.

"कौसाला सांगितलंस का? तीन वर्सं दम काढ म्हणून?"

...

अंगणात दोन-तीन बाया तांदूळ निवडत होत्या. त्यांचेही हात थांबले. आमच्याकडं कुणाचं खाजगी असं काही नसतंच.

"तुम्हाला सोपं आहे बोलायला," हेमलता शेवटी म्हणाली. "फळ्याकडं वळले की माझ्या पाठीमागं वर्गात हसू फुटतं. पंधरा वर्षं मुलं बदलतात, हसू तेच. शाळेच्या फोटोत मी दर वर्षी शेवटच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. कपाटाच्या आरशावर मी ओढणी टाकून ठेवलीय, आक्का. केस अंदाजानं विंचरते. आणि आता पारड्यात बसायचं, आणि गावानं मोठ्यानं मोजायचं? एक... दोन... तीन... वीसपर्यंत?"

तिनं तोंड फिरवलं.

मोजणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझाच असतो. त्या पुढाऱ्याच्या वेळी विसाव्या भेलीनंतर मीच हसायला सुरुवात केली होती.

आक्का मात्र ढिम्म.

"कौसाचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुझं सांगितलंस, वरच्या चारशे ग्रॅमसकट. आईचं किती?"

"आईचं... पन्नास असेल." हेमलता थांबली. "पंचेचाळीस... नक्की माहीत नाही."

"काटा घरात हाय न्हवं?"

"आहे."

"त्यावर फकस्त तूच चढतीस व्हय?"

हेमलता पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"आन खाती काय ती?"

"सकाळी मी चालायला गेलेली असते... मग शाळेची गडबड... तिचं ती करून घेते काहीतरी."

"आत्ता कुठं हाय कौसा?"

"खाली. रिक्षात. तिला पायऱ्या चढवत नाहीत."

आक्कांनी मांडीवरची सुपली दाणकन खाली ठेवली. पावटे अंगणभर झाले.

"आगं ए बये! नवस बोलनारी रिक्षात उन्हात, आन नवसाची पोर हितं सावलीत बसून भाचीचा भाव करतीया! कसलं गणित शिकवतीस गं तू? कोंडिबा..."

मी उठलो.

"तू न्हवं. तू पावटं गोळा कर."

हेमलता उठली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या हे तिच्या चपलांच्या आवाजावरूनच कळत होतं. तरातरा पायऱ्या उतरून गेली.

मी पावटे गोळा करायचं सोडून कठड्याशी जाऊन उभा राहिलो. मठाच्या पायऱ्या एकवीस आहेत, दगडी, उंच. भल्याभल्यांना घाम फुटतो.

खाली रिक्षाशी काहीतरी बोलाचाली झाली. रिक्षावाला मदतीला खाली उतरला, तर तिनं त्याला हातानंच थोपवलं. मग वाकली. आईच्या पाठीखाली एक हात, गुडघ्यांखाली एक, आणि म्हातारीला उचलून पायऱ्या चढायला लागली.

मी बघतोय. पाच... दहा... पंधरा... आता टेकेल, मग टेकेल. बाई टेकलीच नाही.

गेल्या वर्षी हीच बाई मोकळ्या हातानं वर आली होती, तेव्हा तीनदा बसली होती. शेवटच्या पायरीवर गुडघा धरून तिनं माझ्याकडं पाणी मागितलं होतं.

"आक्का," मी म्हणालो, "एका दमात आली की!"

"मग? तुला नाचायचं हाय का?" आक्का म्हणाल्या. "पावटं गोळा कर म्हणलं हुतं तुला."

हेमलता वर आली खरी, पण आईला खाली ठेवेना. अंगणाच्या मधोमध तशीच उभी. तोंड पांढरं पडलेलं.

"आक्का... हिला काही वजनच नाही."

"ठेव तिला खाली. का हातातच धरून बसनार हायस?"

मी घोंगडी अंथरली. कौसाबाई खांबाला टेकून बसली. लुगड्याचा पदर खांद्यावर ठरत नव्हता, इतके खांदे उतरलेले. तिला दम खायला वेळ लागला. मग आक्कांकडं बघून हसली. दात नव्हते, पण हसू छान होतं.

"कौसा," आक्का म्हणाल्या, "पोरगी भाचीला बसवती म्हणतीया."

मला वाटलं म्हातारी चिडेल. चिडायला पाहिजे होती. मी चिडलो असतो.

कौसाबाईनं लेकीकडं बराच वेळ बघितलं.

"आक्का, ऱ्हाऊ द्या तो नवस," ती म्हणाली.

"आई..."

"तिला लाज वाटती. मला काय दिसत न्हाई व्हय? आरशावर वढनी टाकलीया तिनं. ऱ्हाऊ द्या. देवाकडं आता मी जानारच हाय की. मीच त्येला सांगीन तोंडावर. पोरीला बोल लावू नगंस म्हनीन. काय करायचं ते मला कर."



आणि मग हेमलता भडकली.

"झालं तुझं? झालं? नेहमीचं आहे हे! सहा वर्षं गूळ आणून आणून माझ्या डोक्यावर बसलीस. जेवताना नवस, झोपताना नवस. आणि आज मी इथं आले तर एकदम माफी? देवाला सांगीन म्हणे! काय सांगशील? माझी पोरगी जाड आहे म्हणून बसली नाही?"

"वरडू नगं, बाई. मठ हाय."

"ओरडणार!"

ती अंगणात एक फेरी मारून आली. दुसरी मारली. तांदूळवाल्या बायांनी आपापली ताटं आवरून वाट दिली. मग माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोंडिबाकाका, काढा ती तागडी."

"आत्ता?"

"आत्ता. परत मला धीर व्हायचा नाही."

मी आक्कांकडं बघितलं. आक्का खाली वाकून स्वतःच पावटे वेचत होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मी तागडी काढली. आढ्याच्या कडीला टांगली. दोरखंड दोनदा ओढून बघितला, आणि बघताना तिला दिसणार नाही असा उभा राहिलो. एवढं तरी मला कळतं.

कोठीतला गूळ बाहेर आला. पाच-पाच किलोच्या भेल्या, आणि वरच्या मापाला पाच एक-एक किलोच्या. तोवर अंगणात पंधरावीस माणसं जमली. कुठून येतात कोण जाणे. तागडी हलली की वास लागतो ह्यांना.

हेमलता पारड्यात बसली. पारडं टेकलं. तिनं पदर गळ्यापर्यंत ओढला, डोळे गच्च मिटले.

किलोची भेली मी कौसाबाईच्या मांडीवर दिली. तिला गुळाच्या पारड्याजवळ बसवलं.

तिनं दोन्ही हातांनी भेली धरली. उचलली. हात थरथरले आणि भेली मांडीत पडली.

मी पुढं झालो.

"हं!" आक्कांचा आवाज आला. मी मागं झालो. नियम म्हणजे नियम, पण त्या घटकेला तो करणाऱ्याचं तोंड बघावंसं वाटलं मला.

म्हातारीनं श्वास घेतला. परत उचलली. कोपर पारड्याच्या काठाला टेकवलं, भेली छातीशी धरली, आणि तशीच पुढं ढकलली.

धप्.

"एक!" कौसाबाई ओरडली. एवढा आवाज त्या कुडीत होता कुठं?

मग मी मोठ्या भेल्या चढवायला लागलो. मी ठरवलं होतं, आज हळू मोजायचं. पण माझ्या हळू मोजण्याला विचारतो कोण! म्हातारीच मोजत होती, सगळ्या अंगणाच्या वरताण.

"पाच! सा! सात!"

अंगण मोजायला लागलं. चौदाव्याला मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हेमलताचे कान लाल झाले. पण ती उतरली नाही.

"सतरा! अठरा!"

पारडं हललं, अजून उचललं नव्हतं. मी किलोची आणखी एक भेली वर ठेवली.

"एकोनीस!"

दांडी हळूहळू वर आली, आडवी झाली आणि थांबली.

कौसाबाई त्या आडव्या दांडीकडं बघत राहिली. मग गुळाच्या राशीकडं, मग लेकीकडं, परत राशीकडं. तिचे डोळे वाहायला लागले आणि ती हसतही होती.

"केवढी!" ती म्हणाली. "आगं बया, केवढी झाली माझी पोर!"

आयुष्यभर जे शब्द कानावर पडू नयेत म्हणून हेमलता कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहिली, ते तिला भर अंगणात ऐकायला लागले. तिनं डोळे उघडले आणि आईकडं बघितलं. असं तोंड करून केवढी म्हणणारं माणूस तिला आधी भेटलं नसावं. मी उगाच दोरखंडाची गाठ तपासली.

गूळ फोडून वाटायला घेतला. हेमलता पारड्यातून उतरली. मी पहिला खडा तिच्या हातावर ठेवायला गेलो.

"मला गूळ चालत नाही," ती नाक पुसत म्हणाली.

आक्कांनी कपाळाला हात लावला.

माणसं गुळाचे खडे घेऊन पांगली. हेमलता घोंगडीवर आईशेजारी बसली. एवढं सगळं झालं तरी कपाळावरची आठी जागच्या जागी.

"नवस फिटला," ती म्हणाली. "बरं वाटलं, नाही असं नाही. पण माझं काय? सत्तावीस किलो आहेत तिथंच आहेत. मला गुडघ्यांसाठी उतरवायचेत ते, डॉक्टरनीही सांगितलंय. आणि काटा हलत नाही म्हणून आज चालायला गेले नाही, आक्का. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. उद्याही उठावंसं वाटत नाहीये. जीव तोडून करायचं आणि काटा हलतच नाही, तर माणसानं करायचं काय? तेवढं सांगा मला."

"मला कशाला इचारतीस? मी जन्मात काटा बगितला न्हाई. हिला इचार."

"आईला?"

"कौसा," आक्का म्हणाल्या, "ही झाली तवा हिचं वजन कसं करायचीस गं?"

"वजन?" कौसाबाईला गंमत वाटली. "सुईनीनं एकदा काय केलं तेवढंच. काटा कुठला घरात? रोज सकाळी हातावर घ्यायची आन बगायची, कालच्यापरास जड लागती का."

"लागायची?"

"कुठलं! सवा म्हैना न्हाई लागली. एकांद्या दिवशी उलट हलकीच लागायची. सुईन म्हनली, कौसा, आशा सोड."

हेमलता आईकडं वळली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. नवस ऐकला होता हजारदा, हे नाही.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय?"

"मग तू काय केलंस? वजन वाढतच नव्हतं तेव्हा?"

कौसाबाईला प्रश्नच नीट कळला नाही. तिनं आधी आक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं, ही काय विचारतेय अशा तोंडानं.

"काय करनार? कापसाच्या बोळ्यानं दूद घातलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशीबी."

...

आईचा हात हेमलतानं आपल्या हातात घेतला होता, मनगट दोन बोटांत मावत होतं. मग तिनं मान वर केली.

"पण आक्का, ते वेगळं. मला तर..."

"आगं पुरे!" आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "किती बोलशील? दुपार झाली. घरी ने हिला. भूक लागली असंल तिला."